'किरकोळ' म्हणजे किती?

आपल्या भाषेतले काही शब्द वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की, ते कानावरून निघून जातात आणि आपण वळूनही पाहत नाही. 'किरकोळ' हा त्यांतलाच एक. बाजारात तो 'घाऊक'च्या समोर उभा असतो. सर 'किरकोळ रजे'वर गेले की वर्गात आनंदीआनंद होतो. हडकुळ्या माणसाला आपण 'किरकोळ अंगाचा' म्हणतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. परंतु 'एसटी व टेम्पोची धडक, पाच जण किरकोळ जखमी' अशी बातमी वाचली की विचारावेसे वाटते, हे किरकोळपण मोजले कोणी?

मी ज्या घरातून कॉलेजात आले, त्या घरात दुखण्याला हा शब्द कोणी लावत नाही. आमच्याकडे ठेच लागते, खरचटते, चटका बसतो, पाय मुरगळतो, कमरेत उसण भरते, बोट चेंगरते. प्रत्येक दुखण्याला आपले नाव आहे आणि नावाबरोबर उपायही येतो. खरचटले तर दगडीपाल्याचा रस, कापले तर हळद, मुक्या माराला आंबेहळदीचा लेप. 'मुका मार' हा तर मला फार अचूक शब्द वाटतो. रक्त नाही, जखम नाही, म्हणून कोणाला दाखवायला काही नाही. मार मात्र आहे. ज्याने कोणी हा शब्द प्रथम उच्चारला असेल, त्याने तो नक्की सोसलेला असणार.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात, आई कांड्या भरते. ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धोटा लाकडी असतो, त्याच्या दोन्ही टोकांना धातूची टोके असतात आणि तो मागावर या बाजूहून त्या बाजूला वेगाने फेकला जातो. धाग्यात अडखळला की बाहेर उडतो. मागच्या दिवाळीच्या आधी तो उडाला आणि वडिलांच्या डोळ्याखाली बसला. कारखान्यातल्या माणसाने पाहिले, म्हणाला, "किरकोळ आहे, उद्या या." घरी आल्यावर वडील म्हणाले, "काय न्हाई, जरासं लागलंय." दोन्ही वाक्यांचा अर्थ कोशात पाहिला तर जवळजवळ सारखाच निघेल. पण वडील आम्हाला धीर देत होते आणि तो माणूस निकाल देत होता. दुसऱ्या दिवशी वडील कामावर गेले. मजुरी कापडाच्या मीटरवर असते, घरी बसलेल्याला मीटर नसतो. त्या डोळ्यातून आजही पाणी येते. रात्रपाळीत तुटलेला धागा शोधताना जास्तच येते.

या निमित्ताने कायदा काय म्हणतो तेही मी पाहिले. हाड मोडणे, दृष्टी जाणे यांसारख्या गोष्टी सोडल्या, तर भारतीय दंड संहितेत वीस दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीची कामे करता आली नाहीत, तरच ती 'जबर दुखापत' ठरत असे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेने ते दिवस पंधरावर आणले. म्हणजे जे काल किरकोळ होते त्यातले काही आज जबर झाले. शरीर तेच, दुखणे तेच! कामावरच्या अपघातांसाठी १९२३ च्या भरपाई कायद्यात अशी अट होती की, दुखापतीमुळे तीन दिवसांहून अधिक काळ असमर्थता आली नाही तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती अट राहिली आहे.

कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मला मान्य आहे. प्रत्येक ठेचेसाठी कोर्टात जाता येणार नाही. पण असमर्थता ओळखायची कशावरून? माणूस कामावर आला की नाही यावरूनच ना? मग ज्याला एक दिवस घरी बसणे परवडत नाही, त्याची प्रत्येक जखम आपोआप किरकोळ होते. पगारी रजा असलेल्याची तीच जखम गंभीर होऊ शकते. ही विषमता जखमेत नाही.

वर्तमानपत्रांत जागा कमी असते, हे ठाऊक आहे. तरीही आम्हाला व्यावहारिक मराठीत बातमीलेखन आहे, तेव्हा मी एक प्रयोग केला. सरावाच्या बातमीत 'दोघे किरकोळ जखमी' असे न लिहिता 'एकाच्या मनगटाला मुका मार लागला, दुसऱ्याचे कपाळ फुटून चार टाके पडले' असे लिहिले. सात-आठ शब्द वाढले. सरांनी ते खोडले नाहीत.