राक्षसालाही कारण असते

जपान म्हटले की आपल्या समाजास कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार आठवते, भदन्त सुरई ससाई आठवतात, अजिंठ्याच्या लेण्यांत हात जोडून स्तब्ध उभे राहणारे जपानी यात्रेकरू आठवतात. त्याच जपानच्या आणखी एका निर्मितीकडे या स्मरणिकेच्या वाचकांचे लक्ष वेधावे, असा आमचा मानस आहे. १९५४ पासून पुढील दोन दशकांत तेथील ‘तोहो’ या चित्रसंस्थेने राक्षसांचे आणि अंतराळाचे जे विज्ञानपट काढले, त्यांतील निवडक चित्रपट आपल्या वसतिगृहातील मुलामुलींना दाखविले जावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडताच एक आक्षेप ठरलेला असतो. ज्या शाळेची सकाळ त्रिशरण-पंचशीलाने सुरू होते, जेथे भूतपिशाच्च, अंगात येणे, नवससायास यांना थारा नाही, तेथे मुलांसमोर राक्षस कशासाठी नाचवायचे? हा आक्षेप कळकळीपोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावयास हवे.

राक्षस आपल्या परंपरेस परके नाहीत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मारविजयाचे चित्र आहे, सव्विसाव्या लेण्यात तोच प्रसंग दगडात कोरलेला आहे. अक्राळविक्राळ तोंडांचे सैनिक शस्त्रे परजीत धावून येतात आणि मध्यभागी सिद्धार्थ भूमीला स्पर्श करून अविचल बसलेला असतो. सतराव्या लेण्यातील सिंहल अवदानात तर राक्षसिणींचे अख्खे बेट आहे. आपल्या पूर्वसूरींनी राक्षस रंगविले, पण त्यांची पूजा केली नाही. बाबासाहेबांनीही मार म्हणजे मनातील दुष्ट विचार आणि विकार, असाच बुद्धिनिष्ठ अर्थ सांगितला. राक्षस दिसला की त्याला शरण न जाता त्याचे कारण शोधावे, ही धम्माची रीत आहे. जुन्या जपानी चित्रपटांची रीतही बहुतांशी हीच आहे, आणि आमच्या आवडीचे मूळ तेथे आहे.

कारणाचा हा शोध पहिल्याच चित्रपटात दिसतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली. नौकेतील बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारे कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले. हिरोशिमा आणि नागासाकी यांच्या जखमा भरण्यापूर्वी झालेला हा तिसरा आघात होता. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. जगाला तो पुढे ‘गॉडझिला’ या नावाने परिचित झाला. गोरिला आणि व्हेल यांसाठीचे जपानी शब्द जोडून हे नाव तयार केले आहे. चित्रपटाचा आरंभच मुळी समुद्रातील एका नौकेवर होतो. खलाशी विसाव्याला बसले आहेत, एकाएकी डोळे दिपविणारा प्रकाश येतो आणि नौका पेट घेते. त्या काळच्या जपानी प्रेक्षकाला हा प्रकाश कसला, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिग्दर्शक इशिरो होंडा हे सक्तीच्या सैनिकी सेवेत चीनमध्ये होते. युद्धानंतर मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी पाहिली होती. म्हणून त्यांच्या चित्रपटात राक्षसाच्या पराक्रमापेक्षा माणसांची दैना अधिक दिसते. रुग्णालयातील जमिनीवर जखमींच्या रांगा आहेत, लहान मुलीच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि डॉक्टर मुकाट्याने मान हलवितो.

आमच्या दृष्टीने या चित्रपटातील सर्वांत मोलाची वाटचाल मात्र वेगळी आहे. ओदो बेटावरील वृद्ध कोळी सांगतो की, समुद्रात गोजिरा नावाचा प्राणी आहे आणि पूर्वी त्याला शांत करण्यासाठी मुलींचा बळी दिला जाई. आता त्याची आठवण म्हणून मुखवट्यांचे नृत्य होते. नृत्य होते आणि त्याच रात्री वादळासह राक्षस गावावर चालून येतो. विधी निष्फळ ठरतो. मग डॉ. यामाने हे शास्त्रज्ञ येतात. ते पाऊलखुणा मोजतात, मातीचे नमुने घेतात, त्यांत स्ट्राँशियम-९० सापडल्याचे सांगतात. राक्षस कोपलेला देव नाही, माणसाने केलेल्या स्फोटाचा तो परिणाम आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचा याहून रंजक पाठ आम्हांस क्रमिक पुस्तकांत आढळलेला नाही.

त्यानंतरचा संसदेतील प्रसंग नागरिकशास्त्राच्या तासाला दाखविण्याजोगा आहे. ही बाब जाहीर केली तर आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील, लोकांत घबराट पसरेल, म्हणून ती दडवावी, असे एक पुरुष सदस्य सांगतो. तेव्हा महिला प्रतिनिधी संतापून उठतात आणि सत्य जनतेला कळलेच पाहिजे, असे बजावतात.

अखेरचा प्रश्न प्रज्ञेचा आणि शीलाचा आहे. डॉ. सेरिझावा या तरुण शास्त्रज्ञाला पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे भयंकर द्रव्य सापडलेले असते. त्याने गोजिरा मरेल, परंतु ते राज्यकर्त्यांच्या हाती पडले तर पुढचे युद्ध त्यानेच लढले जाईल, हे तो जाणतो. शांततेसाठी गाणाऱ्या शाळकरी मुलींचा आवाज दूरचित्रवाणीवर ऐकून तो द्रव्य वापरण्यास तयार होतो. मात्र आधी आपली सारी टिपणे जाळतो आणि समुद्राच्या तळाशी गोजिराबरोबर स्वतःही संपतो. आत्मनाश हा धम्माचा मार्ग नव्हे, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. पण शीलावाचून विद्या घातक ठरते, ही बाबासाहेबांची शिकवण समजावून सांगण्यास हे उदाहरण उपयोगी आहे. १९५६ साली अमेरिकेत या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. तीत एक अमेरिकन वार्ताहर घुसविण्यात आला आणि अणुचाचण्या सुरू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल, हा यामाने यांचा शेवटचा इशारा गाळला गेला. इतिहासातून नेमके काय गाळले जाते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

आजच्या संगणकीय करामतींना सरावलेली मुले हे चित्रपट पाहून आरंभी हसतील. हसू द्यावे. मग त्यांना सांगावे की, रबरी पोशाखात हारुओ नाकाजिमा नावाचा जिवंत माणूस घामाने निथळत चालत होता. एइजी त्सुबुराया यांच्या कारागिरांनी टोकियोच्या इमारती लहान आकारात हातांनी बांधल्या होत्या. चित्रण अधिक वेगाने करून पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखविल्यामुळे राक्षसाच्या पावलांना वजन आले. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवरून राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती डरकाळी निर्माण केली. वाळूजच्या कारखान्यांत साचे घडविणाऱ्या, लेथवर उभे राहणाऱ्या बापांची ही मुले आहेत. हातांच्या कौशल्याची किंमत त्यांना चटकन कळेल.

अंतराळपटांतही हीच दृष्टी आढळते. १९५७ च्या ‘द मिस्टेरियन्स’मधील परग्रहवासी अणुयुद्धात स्वतःचा ग्रह गमावून आलेले असतात. १९६२ च्या ‘गोराथ’मध्ये एक तारा पृथ्वीच्या दिशेने येतो. तेव्हा सारी राष्ट्रे वैर विसरून एकत्र येतात आणि दक्षिण ध्रुवावर प्रचंड इंजिने उभारून पृथ्वीलाच तिच्या मार्गावरून बाजूला सरकवितात. येथे मराठी वाचकास डॉ. जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही कथा आठवल्यावाचून राहणार नाही. तीतही आकाशातून संकट येते, शास्त्रज्ञ ते गणिताने आणि यानाने टाळतात. इकडे घरात मात्र शांतियज्ञ होतो आणि श्रेय यज्ञाला दिले जाते. ‘गोराथ’ दाखवून लगेच ‘धूमकेतू’ वाचून घेतली, तर मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोनावर निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आता वाळूजकरांच्या अगदी जवळचा चित्रपट. १९७१ साली योशिमित्सु बान्नो यांनी ‘गोजिरा विरुद्ध हेदोरा’ काढला. ‘हेदोरो’ म्हणजे गाळ. अंतराळातून आलेला हा राक्षस कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसतो, धुरांड्यांवर बसून धूर पितो आणि उडत जाताना लोकांवर आम्ल ढाळतो. त्यामागे खरे दुःख होते. मिनामाताच्या उपसागरात सोडलेल्या पाऱ्याने कोळी कुटुंबे लुळीपांगळी झाली होती, योक्काइचीच्या धुराने माणसे दम्याने बेजार झाली होती.

आपल्या वाळूजला औद्योगिक वसाहत आली, तेव्हा दुष्काळाने आणि जातीने गावाच्या कडेला ढकललेल्या अनेक घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांचे शिक्षण त्याच पगारावर झाले. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु शहराची घाण आणि उद्योगांचे सांडपाणी पोटात घेऊन नाथसागराकडे जाणारी खाम नदीही आपलीच आहे, आणि नाथसागराचे पाणी आपणच पितो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन ज्यांनी माणुसकीचा हक्क बजावला, त्यांच्या वारसांनी पाणी कोणत्या अवस्थेत आपल्यापर्यंत येते, याविषयी उदासीन राहणे शोभत नाही. पगार आणि पाणी यांतून एकच निवडा, असे कोणी सांगत असेल तर तो प्रश्नच चुकीचा आहे, हे आपल्या मुलांना ठामपणे म्हणता आले पाहिजे. हेदोरा पाहिलेले मूल खामच्या पुलावरून जाताना नुसते नाक दाबून पुढे जाणार नाही, अशी आमची आशा आहे.

हे चित्रपट निर्दोष आहेत, असा आमचा दावा नाही. १९६१ च्या ‘मोथरा’मध्ये अणुचाचणीने होरपळलेल्या बेटावरील दोन चिमुकल्या स्त्रियांना पळवून एक लोभी माणूस त्यांचा खेळ मांडतो. त्यांना सन्मानाने परत पाठविले तेव्हाच राक्षस शांत होतो, ही कल्पना उदात्त आहे. तथापि त्याच चित्रपटात बेटवासी म्हणून जपानी नटांना काळा रंग फासून उभे केले आहे. जपानी सैन्याने चीन आणि कोरियात काय केले, याबद्दल ‘गोजिरा’ मौन पाळतो. जपानमध्येही जन्माने अस्पृश्य ठरविलेला बुराकू समाज आहे. १९२२ साली त्यांनी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना स्थापन केली, परंतु या चित्रपटांत त्यांना कोठेही स्थान नाही. पुढील काळातील कित्येक भाग तर निव्वळ कुस्त्यांचे फड झाले. मुलांना हे दोषही दाखवावेत. आवडलेल्या गोष्टीची चिकित्सा करता येणे, हीच प्रौढपणाची खूण आहे.

आमची सूचना व्यवहार्य आहे. वसतिगृहात महिन्यातील एका शनिवारी ‘गोजिरा’, ‘मोथरा’, ‘गोराथ’ आणि ‘हेदोरा’ हे चार चित्रपट क्रमाने दाखवावेत. ‘गोजिरा’ आणि ‘हेदोरा’ आठवीच्या पुढील मुलांसाठीच ठेवावेत, कारण त्यांतील दुःख लहानांना झेपणारे नाही. मूळ जपानी आवृत्तीच निवडावी आणि शिक्षकांनी संवादांचा आशय मराठीत सांगत जावा. माजी विद्यार्थ्यांनी पडदा आणि प्रक्षेपक यांची सोय केली, तर शाळेवर भार पडणार नाही. प्रत्येक खेळानंतर मुलांना चारच प्रश्न विचारावेत. येथे दुःख कोणाचे आहे? त्याचे कारण काय? ते थांबविता येईल काय? आणि त्याचा मार्ग कोणता?

हे प्रश्न आपल्या मुलांना नवे नाहीत. चार आर्यसत्यांच्या रूपाने ती ते रोज ऐकतात. पडद्यावरील राक्षसाला ते विचारण्याची सवय लागली, म्हणजे पडद्याबाहेरच्या राक्षसांना विचारण्याचे धैर्यही येईल.