पोते आधी की पाला?



होळी झाली की धार-देवासकडच्या काळ्या रानातला गहू-हरभरा निघतो, बांध वाळतात आणि शेळीचे दूध पातळ झाल्याची तक्रार सुरू होते. मग बाजारातून पेंडीचे पोते येते. पेंड वाईट नव्हे. पण आधी पेंड, मग जमलेच तर पाला, हा क्रम मला पटत नाही.

शेळीच्या पोटात पाला व भुसा आंबतो आणि त्यातून निघणाऱ्या आम्लापासून दुधातली स्निग्धता तयार होते. नुसता मक्याचा भरडा वाढवला तर दूध थोडे वाढेल, पण साय पातळ पडेल. अति झाले तर पोट बिघडून शेळी रवंथ सोडेल. हरभऱ्याचा भुसा गव्हाच्या भुशाहून कसदार, तो विकू नका. शेवरी आणि शेवगा यांच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात. सुबाभूळही चांगली; मात्र तिच्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे जाऊ नये. उन्हाळ्यात गळणाऱ्या बाभळीच्या शेंगा तर फुकटचा खुराक. (पोरे त्या वेचायला कंटाळतात, ती गोष्ट वेगळी!) एवढे पोटात गेल्यावर लिटरभर दुधामागे 300 ते 400 ग्रॅम पेंड-भरडा आणि थोडे मीठ पुरे होते.

माझा खरा राग बुरशी आलेल्या पेंडीवर आहे. पावसाळ्यात ओलसर कोपऱ्यात ठेवलेल्या शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या पेंडीला बुरशी धरते. खाली मनावर-कुक्षीच्या कापूसपट्ट्यात तर सरकी घरोघर. "शेळीला चालते" म्हणून ती पेंड पुढे टाकली जाते. या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष रूप बदलून दुधात उतरते आणि दूध उकळल्यानेही जात नाही. घरात शेळीचे दूध पितो कोण? लहान मूल आणि आजारी माणूस. अशी पेंड पुरून टाका, पैसे गेले तरी चालतील.

आणखी एक. कितीही चांगला पाला घाला, शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल कमीच राहते. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसत्या शेळीच्या दुधावर वाढवले तर त्याला पंडुरोग होऊ शकतो. आईला दूध येत नसेल, तर बाळाला घेऊन आधी दवाखान्यात जा.