तापीकाठचा थाळनेरचा किल्ला

लता मंगेशकर यांचे आजोळ म्हणून थाळनेरचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या तीरावर हे गाव वसले आहे. तेथे एक जुना किल्लाही आहे. पण त्याची हकीकत फार थोड्यांना माहीत असते.

किल्ल्याचा तट पुष्कळसा ढासळला आहे. नदीकाठची अशी जागा पाहिली, की येथे एखादी बाग असावी असे कोणालाही वाटेल. मुंबईत वांद्र्याला पोर्तुगीजांनी १६४० साली बांधलेल्या किल्ल्याच्या जागी आज लोक समुद्राचा वारा घेत फिरतात, खुल्या रंगमंचासमोर बसून गाणे ऐकतात. त्यात वावगे काही नाही. थाळनेरलाही झाडे लावावीत, सावलीत बाके ठेवावीत, सहलीच्या मुलांनी तेथे खुशाल शिदोरी सोडावी. मात्र तेथील जमीन सपाट करू नये.

या किल्ल्याच्या एका अंगाला तापी होती, उरलेल्या तिन्ही अंगांना खोलगट घळ होती आणि आत शिरायला एकामागून एक पाच दरवाजे होते. ही रचना डोळ्यांनी पाहिल्यावाचून २७ फेब्रुवारी १८१८ चा दिवस समजत नाही. मंदसोरच्या तहाने होळकरांचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला होता. सेनापती हिस्लॉप किल्ला ताब्यात घ्यावयास आला, तेव्हा आतून गोळीबार झाला. पुढे किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु शेवटच्या दरवाज्याशी अरब शिपायांची व इंग्रजांची झटापट उडाली आणि गॉर्डन व मॅकग्रेगर हे दोन अधिकारी पडले. हिस्लॉपने हा विश्वासघात मानला. एकमेकांची भाषा नीट न कळल्याने हा घोटाळा झाला, असेही म्हटले जाते. आतील सुमारे ३०० माणसे कापली गेली. स्वाधीन झालेल्या किल्लेदाराला फाशी देण्यात आले. हा न्याय कसला? १८१९ मध्ये खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात या फाशीबद्दल प्रश्न विचारले गेले.

घळ बुजवून तेथे हिरवळ केली, तर एवढी माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हे मुलांना कोण दाखवील? तेथे एक फलक अवश्य असावा. त्यावर किल्लेदाराचे नाव लिहिता येईल, दोन्ही अधिकाऱ्यांचीही लिहिता येतील. दूर देशाहून चाकरीसाठी आलेल्या त्या शिपायांची नावे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत आढळत नाहीत. त्यांच्यासाठी नुसता आकडाच लिहावा लागेल. तो दरवाज्याच्या जागीच लिहावा.