गाडीचा अलार्म टेपला जोडण्याचा मोह

सोनपेठ, गंगाखेड, परळी या भागात आपले अनेक बांधव ऑटो इलेक्ट्रिकच्या कामावर पोट भरतात. बॅटरी, डायनामो, स्टार्टर ही जुनी कामे. त्यांच्या जोडीला टेप बसविणे आणि अलार्म बसविणे हे काम आले, आणि त्यात हाताला चार पैसेही राहतात. याच कामातील एका मागणीविषयी आम्हाला लिहायचे आहे. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, गाडीत एवढे मोठे स्पीकर आहेत, अ‍ॅम्प्लिफायर आहे. अलार्म वाजला की आवाज त्यातूनच निघू द्या. सायरनचे पैसे कशाला घालायचे?"

हिशोब ऐकायला सरळ वाटतो. आमचे मत मात्र असे की, या मागणीला कारागिराने साफ नाही म्हणावे आणि कारणही समजावून सांगावे.

अलार्मच्या डबीतून सायरनसाठी जी वायर निघते तिच्यात आवाज नसतो, नुसता १२ व्होल्टचा करंट असतो. आवाज तयार करणारे सर्किट सायरनच्या पोटात असते. तीच वायर ४ ओहमच्या स्पीकरला लावली तर स्पीकर ओरडत नाही. एकदा टक्क करतो, पडदा एका बाजूला ताणून धरतो, आणि त्याच्या कॉइलमधून ३ अँपियर करंट, म्हणजे ३६ वॉट, नुसती उष्णता म्हणून वाहत राहतो. कॉइल जळायला वेळ लागत नाही. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आजच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरची एकही वायर बॉडीला नसते. दोन्हींवर बॅटरीच्या साधारण निम्मा दाब असतो. त्यातील एकीवर बाहेरून १२ व्होल्ट आले किंवा एक बॉडीला टेकली, तर टेपमधील आउटपुटचा आयसी जातो. सायरन वाचविण्याच्या नादात गिऱ्हाइकाचा टेप जातो आणि मिस्त्रीचे नाव खराब होते.

काम होतच नाही असे नाही. आवाज तयार करणारा वेगळा बोर्ड आणि त्याला छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, आणि रिलेने स्पीकरच्या दोन्ही वायरी टेपपासून तोडून त्या बोर्डाला द्याव्यात. जाणकार कारागीर हे करू शकतो. पण एवढा खर्च करून मिळते काय? स्पीकर काचा बंद असलेल्या गाडीत, आणि चोर व मालक दोघेही बाहेर. सायरन बॉनेटखाली बसतो तो आवाज गल्लीत जावा म्हणूनच.

याहून मोठी चूक मात्र गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून होत नाही, ती कारागिराच्या सोयीने होते. टेपच्या मागे पिवळी वायर कायम बॅटरीची असते आणि लाल वायर चावीची. डॅशबोर्ड उघडलेलाच आहे, प्लस समोर दिसतोय, म्हणून अलार्मचा करंट त्याच पिवळ्या वायरीवरून घेतला जातो. काम दहा मिनिटांत उरकते. आता पुढचे पाहावे. अलार्म वाजताना चारही इंडिकेटर पेटतात. २१ वॉटचे चार दिवे म्हणजे ८४ वॉट, जवळपास ७ अँपियर. सायरन वेगळा. हा सगळा भार टेपसाठी घातलेल्या फ्यूजवर पडतो. फ्यूज उडाला की टेप बंद आणि राखणदारही बंद. चोराने टेपचा फ्यूज ओढून काढला तरी तेच. ज्या वस्तूने टेपची राखण करायची तिचा जीव टेपच्याच फ्यूजमध्ये ठेवणे हा कुठला शहाणपणा? मग फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार बसविली जाते, आणि गाडी पेटण्याची तयारी पूर्ण होते.

अलार्मला बॅटरीपासून स्वतंत्र वायर द्यावी, फ्यूज बॅटरीजवळच घालावा. फ्यूज अलार्मजवळ घातला तर मधली सारी वायर उघडी पडते. इंजिनच्या पत्र्यातून वायर आत घेताना रबर बसवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, बंद गाडीत त्याहून अधिक; पिळून टेपपट्टी गुंडाळलेला जॉइंट तेथे टिकत नाही. झाळून त्यावर नळी चढवावी.

चावीशिवाय टेप वाजावा म्हणून लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून देणारेही आहेत. गिऱ्हाईक खूश होते आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरली की अलार्मलाच शिव्या घालते.

कायद्याचीही बाजू आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ प्रमाणे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा कर्कश, भयकारक आवाजाचे साधन गाडीला लावता येत नाही. सूट रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा गाड्यांना आहे. अलार्मचा सायरन हॉर्नच्या बटणाला जोडून द्या म्हणणाऱ्या तरुणांना हा नियम दाखवावा. (ट्रॅक्टरला गाण्यांचे हॉर्न बसविणाऱ्या बांधवांनीही तो वाचावा.)

नव्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. १९९० च्या दशकात नाशिकच्या ऑटोकॉपसारखे अलार्म बाहेरून बसवावे लागत. आता पुष्कळ गाड्यांत इमोबिलायझर कारखान्यातूनच येतो, आणि वायरींतून नुसता करंट नव्हे तर संदेशही धावतात. तेथे चाचणी दिवा लावून वायर शोधणे आणि दाताने सोलणे धोक्याचे. कापलेल्या वायरीचे कारण दाखवून कंपनी वॉरंटी नाकारू शकते. त्या त्या गाडीचे तयार कपलर मिळतात, ते वापरावेत आणि मुलांना वायरिंगचा नकाशा वाचायला शिकवावा. हे न केल्यास नवी गाडी घेणारा थेट शोरूममध्ये जाईल.

कामाचे बिल द्यावे. मालाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी, फ्यूज किती अँपियरचा आणि कोठे बसविला हेही त्यावर लिहावे. पुढे गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली तरी त्याला ते उपयोगी पडते. स्पीकरमधूनच आवाज हवा असा हट्ट गिऱ्हाइकाने धरला तर दोन्ही कामांचा खर्च कागदावर मांडून त्याच्या हाती द्यावा. सायरन स्वस्त पडतो हे त्याला आकड्यांतच दिसेल.