खोली झाकण्याची सोय कुणी करायची?

नोकरीच्या मुलाखतीची पहिली फेरी आता अनेक ठिकाणी व्हिडिओवरच उरकली जाते. उमेदवाराने तोंड उघडण्याआधी त्याच्या मागची भिंत समोरच्यांना दिसते. लोखंडी कपाट, त्यावर रचलेल्या बॅगा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सारे काही त्या चौकटीत येते. पूर्वी माणूस इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला निघे आणि घर घरीच राही. आता घराचीही पारख होते, आणि ही नुसती शंका नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६७ जणांना व्हिडिओ कॉलसारखी दिसणारी छायाचित्रे दाखवली. मागे पुस्तकांचे कपाट किंवा झाडे असलेले चेहरे लोकांना अधिक विश्वासू आणि सक्षम वाटले. मागे राहती खोली किंवा गमतीचे चित्र असलेले चेहरे मागे पडले. छायाचित्र पाहून दिलेले मत अर्ध्या तासाच्या बोलण्यात बदलूही शकते, हे खरे. पण पहिली फेरी दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, तेव्हा ते बदलायला वेळ कुठे असतो?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंबईच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. अशा घरातल्या मुलीला ‘शांत, नीटनेटका कोपरा निवडा’ असे कळवणे म्हणजे तिच्याकडे नसलेली वस्तू मागणे. शिवाय आपल्या भिंती बोलक्या असतात. कुठे बाबासाहेबांची तसबीर, कुठे काबाचे चित्र, कुठे कुलदैवत. उमेदवाराची जात किंवा धर्म विचारण्याचे धाडस कोणतीही सभ्य कंपनी करणार नाही. मात्र न विचारलेल्या या प्रश्नांची उत्तरे भिंत देऊन टाकते, आणि ती वाचल्यावर निवड करणाऱ्याच्या मनात काय उमटले हे कुणालाच तपासता येत नाही. म्हणूनच मागची खोली झाकण्याची सोय करणे हे मुलाखत घेणाऱ्या संस्थेचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. उमेदवाराने ते जमेल तसे निभवावे, ही आजची रीत बदलायला हवी.

‘मागच्या खोलीऐवजी चित्र दाखवणारे व्हर्च्युअल बॅकग्राउंड प्रत्येक ॲपमध्ये फुकट आहे, ज्याला हवे त्याने लावावे,’ असे यावर सांगितले जाते. ही सोय सर्वांना सारखी मिळत नाही. चित्रातला कोणता ठिपका माणसाचा आणि कोणता भिंतीचा, हे संगणकाला सेकंदात अनेकदा ठरवावे लागते. झूमवर मागे एकरंगी पडदा नसेल तर त्यासाठी अधिक ताकदीचा प्रोसेसर लागतो. जुन्या लॅपटॉपवर हा पर्याय कधी दिसतच नाही, आणि दिसलाच तर आवाज अडखळू लागतो. उजेड कमी असला की मोकळे केस, कानातले, हलणारा हात अर्धवट गायब होतात. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडातील एका संशोधकाने दाखवून दिले की झूमचे बॅकग्राउंड त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचे डोकेच पुसून टाकत होते. म्हणजे ज्याचे घर सर्वांत लहान, उजेड सर्वांत कमी आणि यंत्र सर्वांत जुने, त्यालाच झाकण्याची गरज मोठी आणि त्याच्याच हाती हे साधन लंगडे.

संस्थेने करायचे ते फार नाही. मुलाखतीच्या ईमेलसोबत १९२० बाय १०८० आकाराचे एक साधे, फिक्या रंगाचे चित्र जोडावे आणि सर्व उमेदवारांना तेच वापरायला सांगावे. ते कसे लावायचे हे मराठीत चार ओळींत लिहावे. चित्रावर अक्षरे असतील तर ती आपल्याला उलटी दिसली तरी समोरच्याला सुलटी दिसतात, हेही सांगावे. ऐन वेळी उलटी अक्षरे पाहूनच घाबरगुंडी उडते. आदल्या दिवशी पाच मिनिटांचा चाचणी कॉल ठेवावा. यंत्राला झेपत नसेल तर मागे चादर टांगलेली चालेल किंवा ओळख पटल्यावर कॅमेरा बंद केला तरी गुण कापले जाणार नाहीत, हे लेखी द्यावे.

‘आपल्या घराची लाज का वाटावी?’ हा आक्षेप मला मनापासून पटतो. ज्याला घर दाखवायचे त्याने अभिमानाने दाखवावे. पण त्या स्वाभिमानाची किंमत नोकरी शोधणाऱ्यानेच का मोजायची? आणि ती खोली त्याच्या एकट्याची नसते. रात्रपाळी करून झोपलेले वडील, पोळ्या लाटणारी आई यांनी कॅमेऱ्यासमोर यायला होकार दिलेला नसतो. दुसरा आक्षेप फसवणुकीचा: आडून कुणी उत्तरे सांगत असेल तर? उत्तरे सांगणारा कॅमेऱ्याच्या पलीकडे, लॅपटॉपच्या मागे बसतो. उमेदवाराची भिंत उघडी ठेवून तो सापडत नाही. खोलीभर कॅमेरा फिरवायला लावणे तर आणखी वाईट. अमेरिकेतील क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली अशी पाहिली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ती घटनाबाह्य झडती ठरवली. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आहे. तो निकाल खासगी कंपनीला थेट बांधत नसेल, पण सरकारी भरतीने तरी त्याचा मान ठेवायलाच हवा. एखाद्या पदासाठी याहून पक्की खात्री हवी असेल, तर शेवटची फेरी समोर बोलावून घ्यावी आणि उमेदवाराला येण्याजाण्याचे भाडे द्यावे.