शाळेच्या गाडीचा धूर

गेवराई तालुक्यातील उमापूर हे काही दिल्लीसारखे धुराने काजळलेले शहर नव्हे. तेव्हा तेथील शाळेच्या गाडीत कोणते इंधन जळते याची चिंता कशाला, असे आमचे काही वाचक विचारतील. परंतु मुलाच्या फुफ्फुसाला शहर आणि खेडे हा भेद कळत नाही. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच दिलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिला. मुदती टळल्या, वायूच्या पंपांवर रांगा लागल्या. तरीही २००२ अखेर ते कार्य तडीस गेले. त्यातून घ्यावयाचा धडा असा की, आधी इंधनाची सोय व्हावी, मग सक्ती यावी. महाराष्ट्राने २०११ साली स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांचा भर सुरक्षिततेवर आहे आणि तो योग्यच आहे. आता त्यांस स्वच्छ इंधनाची जोड हवी.

खेड्यातील असंख्य मुलांची शाळेची गाडी म्हणजे एस. टी.च होय. जिच्या पहिल्या गाडीने १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्ता धरला, त्या एस. टी.ची विजेवरील 'शिवाई' २०२२ साली त्याच दिवशी त्याच रस्त्याने धावली. परंतु अशा गाड्यांचा मान केवळ मोठ्या शहरांच्या मार्गांनाच का मिळावा? शाळेची फेरी ठराविक आणि आटोपशीर असते; भर दुपारी गाडी उभी असते, आणि मराठवाड्यात त्याच वेळी सूर्य माथ्यावर तळपत असतो. सौरविजेवर ती गाडी भारित करता येईल. उसाच्या मळीपासूनही इंधनवायू निघतो, आणि ऊस तर या भागात आहेच.

खरा प्रश्न पैशाचा आहे. विजेची गाडी घेताना महाग पडते. तो भार शुल्कावर टाकला, तर गाडीतून सर्वांत आधी उतरेल ते ऊसतोड मजुराचे मूल. आणि मुलगी असेल, तर कदाचित शाळेतूनच उतरेल. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने स्वच्छ स्कूलबससाठी पाच वर्षांकरिता पाच अब्ज डॉलर राखून ठेवले. आपल्या शासनानेही ऐपतीप्रमाणे हा भार उचलावा. शहरांनी नव्या गाड्या घ्याव्यात आणि त्यांनी टाकलेल्या जुन्या गाड्यांचा धूर उमापूरच्या मुलांनी प्यावा, ही सुधारणा नव्हे. ते केवळ धुराचे स्थलांतर होय.