खाज किती? एष्टु?

आमची मावशी मूळची निपाणीची. लग्न होऊन गेली ती थेट बुऱ्हाणपूरजवळच्या इच्छापूरला, इच्छादेवीच्या डोंगराखाली. घरात मराठी, बाजारात हिंदी. कन्नड उरलं ते फक्त माझ्या आईशी फोनवर बोलण्यापुरतं.

मावशीला बरीच वर्षं सोरायसिस आहे. कोपरांवर, गुडघ्यांवर आणि डोक्यात पापुद्रे सुटणारे चट्टे. मागच्या नवरात्रात मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. चट्टे बघून ते म्हणाले, "काफी फर्क है." खाजेचं विचारलं तर मावशी पदर सावरत म्हणाली, "थोडी-बहुत है." आणि त्याच रात्री फोनवर आईला सांगत होती, "रात्रीयेल्ला निद्दि इल्ल, भाळ तुरिकी!" तेच अंग, तीच खाज, पण डॉक्टरांपुढे थोडी आणि बहिणीपुढे रात्रभर!

'खाज' हा शब्दच आपल्याकडे बदनाम. चारचौघांत, त्यातून पुरुष डॉक्टरांसमोर, बाई तो उच्चारणार कशी? त्यात आजार मोजायची रीतही अशी, की खाज सुटून जाते. 'पासी' नावाचं मोजमाप 1978 पासून वापरात आहे. लाली, जाडी, पापुद्रे आणि शरीराचा किती भाग व्यापला, यावरून 0 ते 72 गुण देतात. खाजेला त्यात एकही गुण नाही. म्हणजे चट्टा विरला तरी झोप परत आली, असं नव्हे.

खाज डोळ्यांना दिसत नाही. ज्याची त्यानेच सांगायची. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ एक साधा प्रश्न वापरतात: गेल्या 24 तासांत सर्वांत जास्त खाज किती होती? 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे कल्पना करता येईल तितकी भयंकर. औषधांच्या चाचण्यांमध्ये सोरायसिसच्या रुग्णाचा हा आकडा निदान 4 ने उतरला, की खरा फरक पडला असं धरतात. 1994 साली कार्डिफच्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली. तिचा पहिलाच प्रश्न गेल्या आठवड्यातल्या खाजेचा आणि दुखण्याचा आहे.

मी मावशीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिल बांधली. रोज रात्री जेवणानंतर एक आकडा. पहिल्या दिवशी म्हणाली, "पाच लिही. लोकांना केवढी दुःखं असतात!" मी म्हटलं, "लोकांचं नको, तुझं सांग." जरा थांबून म्हणाली, "आठ."

वाचकहो, घरात कोणाला हा त्रास असेल तर एवढं करा. प्रश्न तोच, वेळ तीच, आकडा रुग्णाचाच. शेजारणीच्या आकड्याशी तुलना नको. झोपमोड झाली तर शेजारी फुली मारा. खाजवून कातडी सोलली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो, म्हणून नखं बारीक ठेवा. आणि हा आजार संसर्गाचा नाही. ताट-टॉवेल वेगळे काढून माणसाला आणखी दुखवू नका.

महिन्याने मावशीने कालनिर्णयाचं ते पानच डॉक्टरांपुढे ठेवलं. शब्द एकही बोलली नाही. सात, आठ, आठ, नऊ आणि फुल्याच फुल्या. त्यांनी ते नीट वाचलं आणि औषध बदललं.

आता रात्री आईचा फोन जातो तेव्हा ती जेवलीस का विचारण्याआधी विचारते, "एष्टु?"

परवा पलीकडून उत्तर आलं, "मूरु." आईने डोळे पुसले.